गिरणीचे हप्ते कोण फेडणार?

यंदाच्या कोजागरीला आपल्या मंडळाच्या गच्चीवर मसाला दूध झाले, चार गाणी झाली आणि मग पडदा लावून एक लघुपट दाखवण्यात आला. जे सभासद त्या रात्री येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

मंडळाच्या युवा शाखेतील सहा-सात मुलामुलींनी कार्यकारिणीकडे 25,000 रुपयांची मागणी केली आहे. त्यांना पंधरा मिनिटांचा लघुपट करायचा आहे. कार्यकारिणीने साहजिकच विचारले, विषय कोणता? मुले म्हणाली, दांडिया बाजारातल्या एका वाड्यात राहून गेली तीस वर्षे डबे करणाऱ्या आपल्या मावशी. यावर कार्यकारिणीतील ज्येष्ठांचे म्हणणे पडले की मंडळाचा पैसा खर्च व्हायचा तर विषय सयाजीराव महाराजांचा असावा, नाहीतर बडोद्यातील जुन्या मराठी वाड्यांचा तरी असावा. डबे काय, सगळीकडेच करतात. गाडी तिथेच अडली. तेव्हा सभासदांपैकी एका शिक्षिकाबाईंनी सुचवले की विद्यार्थ्यांचा लघुपट म्हणजे काय चीज असते ते आधी सगळ्यांनी मिळून पाहावे आणि मग भांडावे. म्हणून त्या रात्री उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' लावण्यात आला.

लघुपट संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "छान आहे, पण यातून समाजाला काय मिळाले?" दुसरे म्हणाले, "मुलाला आईच्या कष्टांची जाणीव नाही, हे दाखवायचे कशाला?" चर्चा रंगत असताना मागे पेले विसळत बसलेल्या मावशींनी विचारले, "पण काय हो, त्या गिरणीचे हप्ते फिटले होते का?" सगळे हसले. आम्हीही हसलो. याच त्या मावशी, ज्यांच्यावर मुलांना लघुपट करायचा आहे.

घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आम्ही बँकेत कारकून आहोत. हप्ते फिटले का, हे पाहण्यातच आमची वीस वर्षे गेली. मंडळाचे हिशेबही आम्हीच तपासतो, म्हणून मुलांच्या मागणीवर आमचे मत कार्यकारिणीने विचारले आहे. ते बंद खोलीत देण्यापेक्षा पत्रिकेतून सर्वांसमोर मांडावे असे आम्हाला वाटले. सिनेमातले आम्हाला फार कळते असा आमचा दावा नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर जसा एखादा ताळेबंद वाचतो, जमेकडे काय आणि नावेकडे काय, तसा आम्ही हा लघुपट वाचला आहे.

आधी ओळख करून देतो. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट 1960 मध्ये प्रभात कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. तेथे शिकणाऱ्या मुलांना शिक्षणाच्या अखेरीस एक लघुपट करावा लागतो. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन या चारही विभागांचे विद्यार्थी एकत्र येऊन तो करतात. म्हणजे वर्गातली परीक्षाच, पण उत्तरपत्रिका लोकांना दिसते. 2005 च्या सुमारास अशीच एक उत्तरपत्रिका म्हणून 'गिरणी' तयार झाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, देशोदेशीच्या महोत्सवांतून तो फिरला. कुलकर्णी यांनी पुढे 'वळू' (2008) आणि 'देऊळ' (2011) यांसारखे चित्रपट केले. 'देऊळ'ला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वळू, विहीर, देऊळ ही त्यांच्या चित्रपटांची नावेच पाहा. प्रत्येकात मधोमध एक साधी, बोट दाखवता येईल अशी गोष्ट आहे. त्याची सुरुवात या गिरणीपासून झालेली दिसते.

कथा चार ओळींची आहे. समीर नावाचा शाळकरी मुलगा. घरात पैशांची ओढाताण, म्हणून त्याची आई पीठ दळण्याचे यंत्र घरात आणते. आपण इकडे घरघंटी म्हणतो, तेच. सुरुवातीला समीरला त्या यंत्राचे कौतुक वाटते. घरात नवे खेळणे आल्यासारखे. मग दळणे वाढतात, आवाज वाढतो, आणि त्या आवाजाखाली मुलाचा अभ्यास, खेळ, घरातली शांतता असे एकेक सगळे दळले जाते. तोही त्या कामात ओढला जातो. ज्या यंत्राला तो कौतुकाने हात लावत होता त्याचाच त्याला तिटकारा येतो, आणि शेवटी तो त्यापासून स्वतःची सुटका करून घेतो. कशी, ते आम्ही सांगत नाही. ज्यांनी पाहिले नाही त्यांनी पाहावे. हे सगळे अर्ध्या तासाच्या आत संपते.

आता जमेची बाजू.

पहिली गोष्ट म्हणजे विषय निवडताना या विद्यार्थ्यांनी कुणाची परवानगी घेतलेली दिसत नाही. वीस-बावीस वर्षांचे वय म्हणजे जग बदलायला निघण्याचे वय. हाती कॅमेरा आला की युद्ध, दंगल, देशाची फाळणी असे काहीतरी थोर करावेसे वाटते. त्याऐवजी या मंडळींनी एक घर घेतले, एक आई, एक मुलगा आणि एक यंत्र घेतले. घर लहान असल्यामुळे सगळे जवळून पाहता आले. आमच्या बँकेत एक जुने साहेब होते. ते म्हणायचे, मोठ्या खात्यातली चूक सापडत नाही, लहान खात्यातली लगेच सापडते. लघुपटाचेही तसेच असावे.

दुसरी गोष्ट आवाजाची. त्या रात्री गच्चीवर आमच्या शेजारी बसलेल्या एका आजींनी अर्ध्यावर कानावर पदर ओढून घेतला. पुढे त्या म्हणाल्या, "डोकं उठलं बाई." यापेक्षा मोठी पावती त्या ध्वनीच्या विद्यार्थ्याला कुणी दिली नसेल. यंत्राचा आवाज मुलाच्या डोक्यात कसा भिनतो हे संवादातून सांगण्याची गरजच पडत नाही. आपण तो आवाज सोसतो आणि मुलाचा राग आपल्याला कळतो.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत मोलाची गोष्ट अशी की या लघुपटाने मुलाला श्रावणबाळ केलेले नाही. आपल्याकडे गरीब घरातला मुलगा कथेत आला की तो दिव्याखाली अभ्यास करतो, आईचे कष्ट पाहून त्याचे डोळे भरून येतात आणि पुढे तो कलेक्टर होतो. समीरला राग येतो. त्याला लाज वाटते. त्याला ते यंत्र नको आहे. हे खरे आहे, आणि खरे आहे हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

1990 नंतरच्या काळात आमच्या वडिलांचा कारखाना बंद पडला. बडोद्यातल्या कितीतरी घरांत तेव्हा हेच घडले, त्यात विशेष काही नाही. आईने फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. भाजणी, चकल्या, कडबोळी, आणि अधिक महिना आला की अनारसे. पोहोचवायचे काम आमच्याकडे. आम्ही तेव्हा सातवीत होतो. सायकलच्या हँडलला दोन्हीकडे पिशव्या लावून रावपुऱ्यातून निघायचे ते पार अलकापुरीपर्यंत. एकदा एका बंगल्याचे दार आमच्याच वर्गातल्या मुलाने उघडले. त्याने विचारले, "तू इथे कसा?" आम्ही सांगितले, "आमच्या शेजारच्या काकूंनी पाठवलंय." आईला आम्ही शेजारच्या काकू करून टाकले. पुढच्या खेपेला त्या बंगल्यातल्या बाईंनी आईला सहज म्हटले, तुमच्या शेजारचा मुलगा फार शहाणा हो. आईने घरी येऊन आम्हाला काहीच विचारले नाही. फक्त त्या घराची पिशवी त्यानंतर ती स्वतः पोहोचवू लागली, चालत.

त्यामुळे समीरवर संस्कार नाहीत असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांना आमची नम्र विनंती आहे की त्यांनी आपले बालपण पुन्हा एकदा आठवून पाहावे. लाज वाटणारी मुले वाईट नसतात. त्यांना घर चालते कसे हे कुणी सांगितलेले नसते, एवढेच. समीरला काय वाटते ते विद्यार्थी दिग्दर्शकाने न घाबरता दाखवले, हे त्याचे मोठे यश आहे.

आता नावेची बाजू.

लघुपट पूर्णपणे मुलाच्या बाजूने पाहतो. तीच त्याची ताकद, आणि आमच्या मते त्यातच त्याचे उणेपण आहे. मुलाच्या नजरेतून पाहता पाहता आई दूर होत जाते. ती यंत्र आणणारी, यंत्र चालवणारी अशी होते, जवळजवळ यंत्राचाच एक भाग. तिला त्या आवाजाचा त्रास होत नसेल का? तिचे डोके उठत नसेल का? मुलगा निदान शाळेत जातो, ती दिवसभर त्यातच उभी. तिला मुलाचा चेहरा दिसत होता की नाही, आणि दिसत असूनही तिने दळणे घेणे का थांबवले नाही, याचा हिशेब आम्हाला अपुरा वाटला. मुलाची सुटका झाली की चित्र संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी दळणाचे डबे घेऊन लोक दारात येतील, तेव्हा त्या आईने काय सांगायचे? मावशींचा प्रश्न नेमका येथूनच सुरू होतो.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर लघुपटात शोधण्यापेक्षा आम्ही कागदावर मांडून पाहिले. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण असे अर्ज आमच्या टेबलावरून गेलेले आहेत. समजा घरघंटी 20,000 रुपयांची आहे. सगळी रक्कम कर्जाऊ, व्याज 12 टक्के, मुदत तीन वर्षे. महिन्याचा हप्ता साधारण 664 रुपये येतो. समजा दळणाचा दर किलोमागे 5 रुपये आहे. म्हणजे हप्ता भरण्यापुरते महिन्याला सुमारे 133 किलो दळले पाहिजे. रविवार सोडून 26 दिवस धरले तर रोजचे पाच किलो. घरगुती यंत्राला त्यासाठी अर्धा-पाऊण तास लागतो. विजेचे बिल आणि जाळ्या बदलण्याचा खर्च यानंतर येतो, आणि घरातली भाजी त्याच्याही नंतर.

याचा अर्थ असा की त्या मुलाला रोज जो आवाज ऐकावा लागला, त्यातला पहिला अर्धा-पाऊण तास बँकेचा होता. आई बटण दाबत होती, पण तो आवाज आमच्यासारख्यांच्या वहीतून येत होता. मुलाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. दिग्दर्शकाने ते प्रेक्षकाला एवढ्याच ठळकपणे दाखवले असते तर मुलाचा राग कमी झाला नसता, पण तो राग कुणावर आहे हे आपल्याला अधिक स्पष्ट कळले असते. यंत्र खलनायक ठरते आणि ज्या अडचणीमुळे यंत्र घरात आले ती सुटून जाते, असे आम्हाला वाटले.

दुसरे एक लहान उणे आहे. विद्यार्थ्यांच्या कामात शिकलेले सगळे एकाच ठिकाणी दाखवण्याची हौस असते. 'गिरणी'तही आवाज आणि प्रतिमा यांचा भार काही जागी कथेपेक्षा जास्त होतो. यंत्र हे राक्षस आहे हे एकदा कळल्यावर पुन्हा कळवण्याची गरज नसते. पण हा दोष वयाचा आहे, आणि तो वयाबरोबर जातो.

येथे काही वाचक म्हणतील की एवढ्याशा लघुपटाकडून तुम्ही फार मागता. खरे आहे. पण आम्ही हे मागतो ते दिग्दर्शकाला दोष देण्यासाठी नाही. आईचा हिशेब सुटून जाणे हे फक्त या लघुपटात घडलेले नाही. आपल्या समाजाच्या एकूण जमाखर्चातच ते घडत आले आहे.

आपल्या बडोद्याचेच उदाहरण घ्या. दादासाहेब फाळके येथील कलाभवनात शिकले, हे आपण प्रत्येक समारंभात अभिमानाने सांगतो. सांगावेच. 1890 मध्ये महाराजांनी कलाभवन काढले आणि चित्रकला, छायाचित्रण असे शिकत फाळके येथे घडले. 'राजा हरिश्चंद्र' 1913 च्या मे महिन्यात मुंबईत लागला, हेही सगळ्यांना पाठ आहे. पण त्याआधी 1912 मध्ये त्यांनी कुंडीतल्या एका रोपाची वाढ टिपणारी छोटीशी फिल्म केली होती. दाणा रुजतो, अंकुर येतो, वेल वर चढतो, बस्स. फाळके तेव्हा या विद्येत विद्यार्थीच होते आणि ही त्यांची परीक्षेची उत्तरपत्रिका होती. ती पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. म्हणजे आपल्या चित्रपटाचा आरंभ राजा-महाराजांपासून झाला असे म्हणण्यापेक्षा घरातल्या एका कुंडीपासून झाला असे म्हणणे जास्त बरोबर होईल. जे ज्येष्ठ म्हणतात की विषय थोर हवा, त्यांनी याचा विचार करावा.

आणि याच हिशेबात सरस्वतीबाई फाळके कुठे आहेत? त्यांचे दागिने या उद्योगासाठी गेले. फिल्मच्या पट्टीला भोके पाडण्याचे काम त्यांनी हाताने केले. चित्रीकरणाला जमलेल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांनी सांभाळला. वाणिज्याच्या भाषेत बोलायचे तर भांडवल त्यांचे, मजुरी त्यांची, आणि खात्याला नाव मात्र एकट्या दादासाहेबांचे. दादासाहेबांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण जमेच्या बाजूची एक मोठी रक्कम आपण नोंदवलीच नाही, हेही तितकेच खरे.

आमच्या आईची एक वही आहे. जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर तिने फराळाचा हिशेब लिहिला आहे. तांदूळ इतके, तेल इतके, दळणावळ इतकी, विक्री इतकी, शिल्लक इतकी. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी आमची फी भरली त्या दिवशी तिने शिल्लक शून्य लिहून खाली रेघ मारली आहे. पदवी घेतल्यावर एकदा आम्ही ती वही तपासायला घेतली, कॉलेजात शिकलेला परिव्ययाचा तक्ता डोक्यात ठेवून. कच्चा माल होता, इंधन होते, वाहतूक नव्हती कारण वाहतूक आम्ही होतो. आणि मजुरीचा रकाना नव्हता. आम्ही तिला विचारले, आई, तुझ्या कामाचे पैसे कुठे धरलेस? ती म्हणाली, "ते कशाला धरायचे? ते घरचंच होतं."

घरचेच होते म्हणून धरले नाही. आपल्या मंडळाचेही हेच झाले आहे असे आम्हाला वाटते. निवडणुका आल्या की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या दारी येतात. गणपतीची आरती करतात, महाराजांच्या पुतळ्याला हार घालतात, मराठी माणसाने बडोदे उभे केले असे भाषण करतात. आपण खूश होऊन टाळ्या वाजवतो. मग आपण मागतो काय? चौकाला नाव, सभागृहाला रंग, एखादी प्रतिमा. वाड्यांतून डबे करणाऱ्या, शिवण करणाऱ्या, घरघंटी चालवणाऱ्या आपल्या किती भगिनी आहेत याची साधी यादी मंडळाकडे नाही. त्यांच्या विजेच्या मीटरची अडचण काय, जागेची काय, हे कुणी विचारलेले नाही. 2015 पासून मुद्रा योजनेत 50,000 रुपयांपर्यंतचे शिशु कर्ज तारणाशिवाय मिळते. पण ते मागायला आपल्या वाड्यातली बाई एकटी बँकेत येते आणि कोटेशन आणले नाही म्हणून परत जाते. तिच्यासोबत यावे असे मंडळातल्या कुणाला वाटलेले नाही. आम्हीही त्यातलेच. टेबलाच्या पलीकडे बसून आम्हीही कितीदा तरी नुसते "कोटेशन घेऊन या" असेच म्हटले आहे.

ज्या समाजाचा सगळा पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे, त्याला पुढारी हार घालून निघून जातात. आज आपण कसे जगतो याचा पुरावा असेल तरच आजचे काही मागता येते. मुलांना करायचा आहे तो लघुपट असा पुरावा ठरू शकतो, म्हणून या मागणीकडे करमणुकीचा खर्च म्हणून पाहू नये.

येथे दुसऱ्या एका विद्यार्थी लघुपटाचा उल्लेख करतो. नागराज मंजुळे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' केला. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे 'फँड्री' (2013) व 'सैराट' (2016) झाले. शाळेची ओढ असलेल्या पण चोरीच्या वाटेवर ढकलल्या गेलेल्या एका लहान मुलाची ती गोष्ट. 'गिरणी'तल्या मुलाला निदान आवाजात का होईना, अभ्यासाला बसता येते. पिस्तुल्याच्या वाट्याला शाळाच येत नाही. महाराजांनी 1906 मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही आपली अभिमानाची गोष्ट. तिच्यावर शंभराहून अधिक वर्षे गेल्यावरही मराठी मुलुखातला एक विद्यार्थी ही कथा सांगतो, कारण ती त्याने जवळून पाहिलेली आहे. महाराजांवर शंभर भाषणे करण्यापेक्षा त्यांना ज्याची काळजी होती त्या मुलाकडे पाहणे, हाही महाराजांचा सन्मानच आहे. आपली मुले मावशींकडे पाहू इच्छितात. त्यांना थांबवू नये.

आता आमचे मत. कार्यकारिणीने 25,000 रुपये मंजूर करावेत. विषयाची अट घालू नये. पावत्यांसह हिशेब द्यावा एवढीच अट असावी, आणि तो आम्ही काटेकोर तपासू. मुलांनाही आमचे दोन शब्द आहेत. 'गिरणी'कडून धीटपणा घ्या, कान उघडे ठेवणे घ्या, लहान गोष्टीवर विश्वास ठेवणे घ्या. मावशींच्या मुलाला त्यांच्या डब्यांची लाज वाटत असेल तर तेही लपवू नका. पण गिरणीत जे सुटले ते तुम्ही सोडू नका. कॅमेरा लावण्यापूर्वी मावशींच्या शेजारी बसा आणि त्यांची वही मागून घ्या. पहाटे किती वाजता कणीक भिजते, गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरतो, कोणाकडे किती महिन्यांचे पैसे थकले आहेत, हे विचारा. थकबाकीदारांत आपल्या मंडळाचे सभासद निघाले तर त्यांची नावे लघुपटात घालू नका, आमच्याकडे आणून द्या. वसुलीचे काम आम्हाला येते.

लघुपट तयार झाला की तो कार्यकारिणीला दाखवण्याआधी मावशींना दाखवावा, अशी आमची सूचना आहे. त्या दिवशी दूध दुसऱ्या कुणीतरी करावे, पेले दुसऱ्या कुणीतरी विसळावेत आणि मावशींना पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी. पाहून झाल्यावर त्या काय विचारतात ते लिहून ठेवावे. मंडळाच्या पुढच्या मागणीपत्रात काय असावे, हे आपल्याला त्यातूनच कळेल.